आक्षेप : निरंक

६ जानेवारी

ही वही यांनी बांधून दिली. हे छापखान्यात बाइंडर होते. नोकरी सुटून काही वर्षं झाली, तरी घरात सुटा कागद दिसला की यांचे हात शिवशिवतात. "एप्रिलअखेर तू घरी बसणार. आत्तापासून हिशेब सोडून काहीतरी लिहायची सवय कर, नाहीतर मला दुधाच्या पिशव्यांची नोंद ठेवायला लावशील," म्हणाले. दुधाच्या पिशव्यांची नोंद मी आधीपासूनच ठेवते, हे त्यांना माहीत नाही.

तर लिहिते. मी एका सरकारी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. दरवर्षी शाळेचे हिशेब तपासायला तपासनीस येतात. त्यांच्या अहवालात शेवटी 'आक्षेप' असा रकाना असतो. इतर शाळांचा तो रकाना पुरत नाही, पुरवण्या जोडाव्या लागतात. माझ्या शाळेपुढे मात्र नेहमी एकच शब्द: निरंक. म्हणजे काही नाही, कोरं. बोट ठेवायला जागा नाही. मला आता एकच निरंक हवा आहे, शेवटचा. आक्षेप राहिला की तो मिटेपर्यंत निवृत्तिवेतनाचे कागद अडकतात, आणि ते मिटवता मिटवता लोकांच्या चपला झिजलेल्या मी पाहिल्या आहेत. पण खरं सांगायचं तर पेन्शनपेक्षा मला त्या शब्दाचीच हाव जास्त आहे.

९ जानेवारी

तिसरीच्या बाईंनी वाचन चाचणीचा तक्ता आणून दिला. बाई वयाने माझ्या भाचीएवढ्या, बोलायला फटकळ, पण कामाला चोख. 'सलग वाचता येणारी मुले' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, निरंक. तक्ता फार नेटका होता. एक खाडाखोड नाही. मी अक्षराचं कौतुक केलं.

"मोठ्या बाई, अक्षर काय बघताय? लिहिलंय काय ते बघा," त्या म्हणाल्या. "अख्ख्या तिसरीत एकालाही वाचता येत नाही. अक्षर अक्षर लावतात आणि शब्द संपेपर्यंत पहिलं अक्षर विसरतात. पाठ्यपुस्तकाला आता विटलीत ती. मला कपाटातली गोष्टींची पुस्तकं द्या."

मी त्यांना शांतपणे समजावलं. गेल्या वर्षी पुस्तकांसाठी अनुदान आलं, तेही आर्थिक वर्ष संपता संपता. खर्च केलं नसतं तर परत गेलं असतं. मी धावपळ करून पुस्तकं घेतली आणि डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या, नोंदवहीत चढवली. दीडशे पुस्तकांच्या दीडशे ओळी कोण लिहीत बसणार, म्हणून सुटसुटीत एकच ओळ केली: 'गोष्टींच्या पुस्तकांचा संच, नग एक.' आता नग एक असेल तर त्यातला तुकडा काढून कसा देणार? द्यायचा तर अख्खा संच द्यायचा, आणि घेणाऱ्याने सही करायची. एक पुस्तक हरवलं तरी संच मोडला, आणि वसुली सही करणाऱ्याच्या पगारातून.

"म्हणजे पुस्तकं विकत घेतली ती कपाटाला वाचायला," त्या म्हणाल्या आणि गेल्या. या पिढीला नियम सांगता सांगता नाकी नऊ येतात.

१६ जानेवारी

खडू संपले. खडू 'किरकोळ खर्च' या शीर्षाखाली येतात आणि किरकोळचं अनुदान अजून आलेलं नाही. रंगकामाचं मात्र आलं. भिंती गेल्याच वर्षी रंगवल्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षीही. पण रंगाच्या पैशातून खडू घेतला तर तो आक्षेप. तेव्हा पुन्हा रंग. रंगारी म्हणाला, "बाई, भिंत आता रंगावरच उभी आहे, आत विटा असतील तर असतील."

तिसरीच्या बाई फळ्यावर कोळशाने लिहीत होत्या. काळ्यावर काळं काय दिसणार? मग त्यांनी मुलांना नव्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने लिहून दाखवलं. मी रागावले. भिंत पुसून घेतली.

आमच्या शिपायाला सगळे मामा म्हणतात, मीही. त्यांची वेगळीच तक्रार. "रोज सकाळी पुस्तकांच्या कपाटाची काच पुसतो, मोठ्या बाई, आणि मधल्या सुट्टीनंतर बघावं तर तिथेच नाकाचा डाग. एकाच उंचीवर." मी लक्ष ठेवलं. तिसरीतली एक बारकी मुलगी आहे, जिला सगळे मुंगी म्हणतात. काचेला नाक लावून उभी असते. मी विचारलं, काय बघतेस? तर म्हणाली, "त्या उंटाने गळ्याला मफलर का बांधलाय?" मी म्हटलं, काच घाण होते, लांबून बघ. तेव्हापासून ती हात मागे बांधून एक पाऊल दूर उभी राहते. आज्ञाधारक मुलगी आहे.

२० जानेवारी

मामांनी झाडताना दाखवलं: कपाटामागच्या भिंतीवर मातीची बारीक रेघ. वाळवी. कपाटाचा मागचा पत्रा गंजून खाली भोक पडलं आहे. खालच्या कप्प्यातल्या काही पुस्तकांचे कोपरे कुरतडलेले निघाले.

वाळवीच्या औषधाला शीर्ष नाही. नव्या कपाटाला शीर्ष आहे, पण त्यात पैसे नाहीत. रंगाच्या शीर्षात पैसे आहेत, पण वाळवी रंगवता येत नाही.

२२ जानेवारी

आज सुट्टी. सगळा दिवस नियमांचं पुस्तक घेऊन बसले. हे दोनदा चहा ठेवून गेले, दोन्ही वेळा गार झाला.

शेवटी सापडलं. वाळवीने पुस्तक खाल्लं तर तो निष्काळजीपणा. आक्षेप, आणि पूर्ण संचाची वसुली माझ्याकडून. पण 'वाचनाने जीर्ण झालेली पुस्तके समितीच्या ठरावाने निर्लेखित करता येतील.' निर्लेखित म्हणजे नोंदवहीतून कायमची वजा. मग कोणी विचारत नाही.

म्हणजे वाळवीने खाल्लं तर गुन्हा, आणि मुलांनी खाल्लं तर वापर! मी मोठ्याने हसले. हे म्हणाले, "नियमांच्या पुस्तकात विनोदही असतात?" सगळं सांगितल्यावर म्हणाले, "मग दे की मुलांना." मी म्हटलं, देणारच आहे, दुसरा इलाजच नाही.

२७ जानेवारी

शाळेच्या समितीची बैठक. आमचे अध्यक्ष इस्त्रीचं दुकान चालवतात. कागदावर सही करण्याआधी तो तळहाताने सपाट करायची त्यांना सवय आहे. ठराव असा: 'संच नग एक, विद्यार्थ्यांनी वाचून जीर्ण झाल्याने निर्लेखित करण्यात येत आहे.'

अध्यक्षांनी कपाटाकडे पाहिलं. "बाई, ही तर कडक इस्त्रीची दिसतात."

"एप्रिलात तपासनीस येतील तोवर चुरगळतील," मी म्हटलं. "कागद जरा पुढे गेलाय. मुलांनी त्याला गाठायचं."

असं वाक्य माझ्या तोंडून निघेल असं कधी वाटलं नव्हतं. आजवर कागद सत्याच्या पुढे एक दिवससुद्धा गेला नव्हता. अध्यक्ष मात्र खूश होऊन गेले.

तिसरीच्या बाईंना बोलावून पूर्ण संच दिला. सूचना स्पष्ट दिल्या: पुस्तकं भरपूर वापरावीत, घरी न्यावीत, भावंडांना द्यावीत, जमल्यास डबा खाताना वाचावीत. सही नको, वसुली नाही. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी वाकून माझा हात दोन्ही हातांत धरला. वाळवीचं त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं.

५ फेब्रुवारी

प्रगती मंद. कुठे एखाद्या पानावर डाग, बस. मुलं चित्रं बघतात आणि पानं जपून उलटतात. इतकी वर्षं 'हात लावू नका' ऐकल्यावर दुसरं काय होणार? वर्गात जाऊन मी सांगितलं, पुस्तक खराब झालं तरी कोणी रागावणार नाही. माझ्या तोंडून हे ऐकून मुलांनी पुस्तकं आणखीच जपून धरली.

१२ फेब्रुवारी

आता ठीक चाललंय. दोन मुखपृष्ठं सुटली. एका पुस्तकावर डब्यातलं तेल सांडलं. वाघाच्या गोष्टीवरून दोघांची ओढाताण झाली आणि ती मधोमध उसवली. आता एकजण पहिला अर्धा भाग वाचतो, दुसरा शेवटचा, आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना राहिलेलं सांगतात. मी नोंद केली: 'पूर्ण जीर्ण, एक.'

आवाज मात्र फार वाढला आहे. तिसरीच्या वर्गातून सारखी गुणगुण येते. बाईंना सांगायला हवं.

१९ फेब्रुवारी

घरी संकट. तपासायला म्हणून फाटकी पुस्तकं पिशवीतून आणली होती. संध्याकाळी बघते तर हे खळ शिजवून बसलेले, आणि वाघाची गोष्ट शिवून, कणा चिकटवून, दाबाखाली ठेवलेली. कपाळाला हात लावला.

"अहो, फाटलेलं हवंय मला!"

"असं उसवलेलं बघवत नाही गं."

"एप्रिलपर्यंत डोळे मिटून घ्या. मग काय शिवायचं ते शिवा."

रुसले. शेवटी म्हणाले, "आयुष्यभर पुस्तकं बांधली, पण इतकी वाचलेली पुस्तकं हातात कधी आली नव्हती." आणि दाबाखालून वाघ काढून दिला. मी तो तसाच शिवलेला ठेवला. शिवलेलं म्हणजेही जुनंच की.

३ मार्च

एक चांगली गोष्ट नोंदवायला हवी. माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. कित्येक वर्षं आहे, पण तिचा उपयोग शून्य. मुलं खुशाल घुसायची. पंधरवड्यापासून तिसरीची मुलं दाराशी थांबतात. आत डोकावतात, पण उंबरा ओलांडत नाहीत. शिस्त लागायला वेळ लागतो, पण लागते. मी मामांना म्हटलं, बघा, सातत्याचा परिणाम. मामा गालातल्या गालात हसले. त्यांना अलीकडे उगाच हसायची सवय लागली आहे.

७ मार्च

आज मुंगी दाराशी उभी होती. बराच वेळ. पाटीवर बोट फिरवत होती. मी म्हटलं, काय गं?

"मोठ्या बाई, परवानगी माझ्याकडे नाहीये. ती कुठे मिळते?"

मी म्हटलं, माझ्याकडे मिळते, ये आत. तेव्हा आली. विचारत होती, उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुस्तकं परत घेणार का? मी म्हटलं, नाही. "मग ठीक आहे," म्हणाली आणि बाहेर गेली. जाताना दार आपणहून लोटून घेतलं.

हे लिहीत असताना काहीतरी लक्षात येतंय. पाटी त्यांनी वाचली. शिस्त वगैरे काही नाही, वाचता येत नव्हती म्हणून आत घुसत होती. इतकी वर्षं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग पाटी काढून टाक." मी म्हटलं, आत्ता कुठे वाचायला लागलीत, आत्ता कशी काढू?

२१ मार्च

किरकोळ खर्चाचं अनुदान आलं. खडूच खडू. पुढच्या वर्षीही संपणार नाहीत इतके. खर्च दहा दिवसांत दाखवायचा आहे.

तिसरीच्या बाईंनी नवा तक्ता दिला. या वेळी मी अक्षर पाहिलं नाही. सलग वाचणाऱ्यांचा रकाना भरला होता. सगळी मुलं नाहीत त्यात. चौघंजण अजून अडखळतात, आणि एकाला चष्मा हवा आहे असं बाई म्हणतात. चष्म्याला शीर्ष नाही. तक्ता मी पुन्हा पुन्हा वाचला. जानेवारीतला तक्ता अजून माझ्या खणात आहे. त्याच्या अक्षराचं मी कौतुक केलं होतं हे आठवून लाज वाटली.

११ एप्रिल

तपासनीस साहेब येऊन गेले. सगळं सविस्तर लिहिते.

साहेब मध्यम वयाचे, मवाळ, चहात साखर नको म्हणणारे. सगळे हिशेब बघितले. खडू, रंग, सगळं जागच्या जागी. मग निर्लेखनाचा ठराव. "जीर्ण संच दाखवा."

तिसरीच्या बाईंनी पुस्तकं टेबलावर मांडली. काय त्यांची अवस्था! कोपरे मऊ झालेले, पानांना बोटांचे ठसे, वाघाला टाके, एका राजाला कोणीतरी मिशा काढलेल्या. साहेब एकेक उलटत गेले. "वा," म्हणाले, "वापर दिसतोय." माझा जीव भांड्यात पडला.

मग एक पुस्तक त्यांच्या हातात आलं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. ते काढलं तर आत उंटाची गोष्ट, मफलरसकट, कोरी करकरीत. पानांना धार होती अजून.

"हे जीर्ण नाही."

संचातलं एक जरी नवं निघालं तरी संच जीर्ण नाही.

"कोणाकडे होतं?"

बाईंनी मुंगीला बोलावलं. ती दाराशी थांबली. मी म्हटलं, आहे परवानगी. आत आली, टेबलावर उघडं पडलेलं पुस्तक पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"मी खराब नाही केलं," ती म्हणाली. "शप्पथ. मी रोज हात धुऊन वाचते. आई भांडी घासून आली की तिचे हात पुसून मगच तिला दाखवते."

साहेबांनी विचारलं, "वाचलंस?"

ती वाचायला लागली. 'उंटाला पडसं झालं' पासून. एकदाच अडखळली, 'निरुपाय' या शब्दाला. तो तिने दोनदा वाचला आणि पुढे गेली. उंट शिंकला तिथे तीही शिंकली. साहेब हसले. तिसरीच्या बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

वाचून झाल्यावर साहेब हळूच माझ्याकडे झुकले. "मोठ्या बाई, तुमचं हे शेवटचं वर्ष. पुस्तक वाचलं गेलंय हे मला दिसतंय. पण नियमात शब्द आहे, जीर्ण. मी जरा हात धुऊन येतो. तेवढ्यात एखादं पान फाटलं तर संच जीर्ण, आणि तुमचा रकाना कोरा."

ते खरंच उठून नळाकडे गेले. भला माणूस.

मी पुस्तक हातात घेतलं. एक पान धरलं. फार पातळ कागद, चिमटीत आला. मुंगी समोरच होती. हात मागे बांधून एक पाऊल मागे सरकली. कपाटासमोर मीच तिला शिकवलं होतं तसं.

शेवटचा निरंक माझ्या चिमटीत होता. इतक्या वर्षांत मला काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. आणि मला रडू आलं, शाळेत, सगळ्यांसमोर. ही मुलगी माझ्यासारखीच निघाली होती. हातात आलेली वस्तू डाग न लावता जपणारी. फक्त तिने आधी ती वाचली होती.

मी पान सोडलं. कॅलेंडरचं कव्हर पुन्हा घातलं, कोपरे मोडून, नीट.

साहेब परत आले. कव्हर घातलेलं पुस्तक बघून जरा थांबले, मग खुर्चीत बसून पेन उघडलं. "लिहू?"

"लिहा," मी म्हटलं.

१२ एप्रिल

यांना सांगायला काल धीर झाला नाही. आज सांगितलं. पेन्शनचे कागद लांबणार हेही सांगितलं. म्हणाले, "मग मी तुला दुधाचा हिशेब ठेवायला देतो, तेवढाच तुझा वेळ जाईल." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि माहितीये मला, तू ठेवतेस ते."

३० एप्रिल

शेवटचा दिवस. आक्षेप एक: 'संचातील एक पुस्तक जीर्ण नसताना निर्लेखित. किंमत वसूल करावी.' मी किंमत भरली, पावती घेतली. मग नियमांचं पुस्तक उघडलं. सवयच ती. त्यात लिहिलं आहे की ज्या वस्तूची वसुली झाली ती वस्तू भरणाऱ्याची. म्हणजे उंट आता सरकारचा नाही, संचाचा नाही, माझा.

नव्या मुख्याध्यापकांना किल्ल्या दिल्या. रिकामं कपाट दाखवलं, वाळवीचं सगळं खरं खरं सांगितलं. तिसरीच्या बाईही तिथेच होत्या. ऐकून त्या म्हणाल्या, "वाळवीचे आभार मानायला हवेत." मी म्हटलं, माझे मानू नका म्हणजे झालं. त्यांनी मला मिठी मारली.

मुंगीला बोलावून पुस्तक दिलं. पावती दाखवली, तीही तिने पूर्ण वाचली, सहीसकट.

"म्हणजे हे परत नाही करायचं?"

"नाही. तुझं आहे."

"मग यावर लिहिलं तरी चालेल?"

"तुझ्या पुस्तकावर तू काहीही लिही."

माझ्या टेबलावरचं पेन घेऊन तिने कव्हर काढलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर, जीभ बाहेर काढून, वाकडंतिकडं आपलं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. मग पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. हजेरीपटात ते नाव मी दर महिन्याला तपासत आले होते, बेरीज बरोबर आहे ना म्हणून. ते या मुलीचं आहे, हे मला आज कळलं.